कुमारवयाचे मानसशास्त्र शिकवताना : अध्यापक महाविद्यालयातील नव्या प्राध्यापकांसाठी

बी.एड. महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाच्या वाट्याला बहुधा पहिल्याच वर्षी मानसशास्त्राचा पेपर येतो. विद्यापीठागणिक त्याचे नाव थोडे बदलते, पण आशय तोच असतो : मुलाची वाढ, कुमारावस्था, प्रेरणा आणि अध्ययन. हा पेपर बहुतेक ठिकाणी व्याख्या, अवस्था, वैशिष्ट्ये आणि शैक्षणिक उपयोग या ठरलेल्या क्रमाने शिकवला जातो. त्यामुळे छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, परीक्षेत मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने मांडलेल्या विकासाच्या आठही अवस्था बिनचूक लिहितात आणि आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावाच्या, पहिल्याच आठवड्यात ‘नववीची मुले ऐकतच नाहीत’ अशी तक्रार घेऊन परत येतात. वर्गात दिसलेले मूल आणि उत्तरपत्रिकेत लिहिलेला सिद्धांत यांची त्यांच्या मनात कधी गाठच पडलेली नसते. ती पडावी असे वाटत असेल तर शिकवण्याचा क्रम बदलावा लागतो : आधी मूल नीट पाहायचे, मग जे पाहिले त्याचा अर्थ लावण्यासाठी सिद्धांत हाती घ्यायचा आणि त्यावरून उद्याच्या पाठात काय बदलायचे ते ठरवायचे. पुढील सर्व सूचना या क्रमाला धरून आहेत.

वर्ष सुरू होण्याआधी

अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवून प्रत्येक घटकापुढे एकच प्रश्न लिहावा : हे कळल्यावर छात्राध्यापक वर्गात कोणती गोष्ट वेगळी करील? ज्या घटकांना ठोस उत्तर सापडते त्यांना भरपूर तास द्यावेत आणि ज्यांना सापडत नाही ते परीक्षेपुरते, पण प्रामाणिकपणे शिकवावेत. सगळ्या घटकांना सारखे तास वाटून देण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास कोणताच घटक छात्राध्यापकाच्या हाती लागत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतील कामासाठी एकूण २० आठवडे ठेवले गेले. त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षी येतात. पहिल्या वर्षीचे जे थोडे आठवडे मिळतात ते पुष्कळ ठिकाणी कागदपत्रे भरण्यात आणि शाळेच्या नोंदवह्या उतरवून घेण्यात जातात. ते निरीक्षणासाठी राखून ठेवणे हे तुमचे पहिले प्रशासकीय काम समजा. मुख्याध्यापकांना आधीच भेटून सातवी ते नववीचे वर्ग मागून घ्यावेत, छात्राध्यापक या काळात शिकवणार नसून पाहणार आहेत हे स्पष्ट सांगावे आणि मुलांची नावे कोणत्याही नोंदीत येणार नाहीत याची हमी द्यावी.

पहिली पायरी : पाहायला शिकवणे

सिद्धांताचा एकही शब्द उच्चारण्यापूर्वी निरीक्षणाचा सराव घ्यावा. हा सराव सोपा वाटतो, प्रत्यक्षात तो या पेपरातील सर्वांत अवघड भाग आहे. पहिल्या खेपेस छात्राध्यापक ज्या नोंदी आणतात त्यांचा नमुना साधारण असा असतो : ‘विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसतो. अभ्यासात लक्ष नाही. स्वभावाने उद्धट आहे. घरचे वातावरण ठीक नसावे.’ यातले फक्त पहिले वाक्य डोळ्यांनी पाहिलेले आहे. बाकीचे तीन निष्कर्ष आहेत आणि तेही एका तासात काढलेले.

याच मुलाची दुसरी नोंद फळ्यावर पहिलीच्या शेजारी लिहावी : ‘इयत्ता आठवी, इतिहास, चौथा तास. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा त्याने शेजाऱ्याच्या वहीत डोकावून पाहिले. नाव घेतल्यावर तो उभा राहिला, उत्तर दिले नाही, डावीकडच्या रांगेकडे पाहून हसला. त्या रांगेतली दोन मुले हसली. बाई म्हणाल्या, बस खाली. बसल्यावर त्याने पुस्तक उघडले आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.’

आता वर्गाला विचारावे की या मुलाला उद्धट म्हणता येईल का. चर्चा सुरू झाली की निदान तीन स्पष्टीकरणे पुढे येतात. त्याला उत्तर येत नसेल आणि हसण्याने त्याने वेळ मारून नेली असेल. डावीकडच्या रांगेतल्या मित्रांपुढे त्याला आपली पत राखायची असेल. किंवा त्याला प्रश्न समजायला वेळ लागत असेल, वाचनाचा वेग कमी असेल आणि म्हणूनच नंतर तो पुस्तकात उत्तर शोधत बसला असेल. तिन्ही स्पष्टीकरणे त्याच नोंदीला लागू पडतात, पण शिक्षकाने पुढे काय करायचे ते मात्र तिन्हींत वेगळे आहे. वर्षभरासाठी नियमच करावा : एका नोंदीला किमान तीन स्पष्टीकरणे, आणि त्यांपैकी कोणते खरे हे तपासण्यासाठी उद्या काय पाहावे लागेल याचे एक वाक्य. हा नियम अंगवळणी पडला की पुढचा प्रत्येक सिद्धांत छात्राध्यापकाला चौथे स्पष्टीकरण म्हणून उपयोगी पडू लागतो.

दुसरी पायरी : शरीरापासून सुरुवात

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ कुमारावस्था मानते. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयांत केव्हाही होऊ शकते, म्हणून सातवीच्या एकाच वर्गात मोठी दिसणारी मुलगी आणि अजून लहान दिसणारा मुलगा शेजारशेजारच्या रांगांत बसलेले असतात. जन्मतारखेने समवयस्क असलेली ही मुले शरीराने समवयस्क नसतात. लवकर वाढलेल्या मुलीकडून मोठ्या माणसासारख्या वागण्याची अपेक्षा होते आणि उशिरा वाढणाऱ्या मुलाला खेळाच्या तासाला सगळ्यांत शेवटी निवडले जाते, हे छात्राध्यापकांच्या नजरेस आणून द्यावे.

हा भाग पुरुष आणि स्त्री छात्राध्यापकांना एकत्र बसवूनच शिकवावा, असे माझे ठाम मत आहे. मासिक पाळी हा विषय ‘मॅडम वेगळा घेतील’ म्हणून बाजूला काढला की पुरुष शिक्षकाला वर्गातल्या मुलीची अडचण ओळखता येत नाही. ती परवानगी मागते तेव्हा तो सर्वांदेखत कारण विचारतो, किंवा महिन्यातून दोन दिवस होणारी तिची गैरहजेरी हजेरीपटावर निव्वळ बेफिकिरी म्हणून वाचतो. आंतरवासितेच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, दाराला कडी आहे का, ही दोन निरीक्षणे प्रत्येक नोंदवहीत असावीत.

झोपेचा मुद्दाही इथेच घ्यावा. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना तर ८ ते १० तास झोप लागते. महाराष्ट्रात २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय झाला तेव्हा लहानग्यांच्या झोपेची चर्चा झाली. पण सात-साडेसातला भरणाऱ्या सकाळच्या सत्रातील नववी-दहावीच्या मुलांची गरजही तितकीच खरी आहे. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाबद्दल आळशी हा शब्द वापरण्यापूर्वी तो किती वाजता झोपला आणि उठला हे छात्राध्यापकाने विचारलेले असावे.

तिसरी पायरी : विचार कसा बदलतो

मुलांच्या विचारांचा विकास अभ्यासणाऱ्या पियाजेच्या अवस्था तक्त्यातून शिकवण्याऐवजी त्याच्या आणि बार्बेल इनहेल्डरच्या कुमारवयीन विचारांवरील अभ्यासातला लंबकाचा प्रयोग वर्गात करून घ्यावा. साहित्य फार लागत नाही : दोरा, वेगवेगळ्या वजनाचे दोन-तीन लोखंडी नट आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच. चौघांच्या गटाला एकच प्रश्न द्यावा : लंबकाचा वेग कशावर अवलंबून आहे, दोऱ्याच्या लांबीवर, नटाच्या वजनावर, किती अंतरावरून सोडला यावर, की किती जोराने ढकलला यावर? प्रत्येक गटात एकाने हात न लावता फक्त नोंद घ्यावी.

पदवीधर असलेले काही छात्राध्यापकही दोरा आणि नट एकाच वेळी बदलतात आणि नंतर फरक कशामुळे पडला हे त्यांना सांगता येत नाही. बाकी सर्व कायम ठेवून एकच घटक बदलायचा, ही पद्धत कोणत्या क्षणी आणि कोणाला सुचली हे नोंद घेणाऱ्याने टिपावे. शेवटी मोजून दाखवावे : २५ सेंटिमीटरच्या लंबकाला एक पूर्ण आंदोलन करायला सुमारे एक सेकंद लागतो, १०० सेंटिमीटरच्या लंबकाला सुमारे दोन, आणि नट बदलल्याने काही फरक पडत नाही.

या प्रयोगातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही शब्दांत सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी की अमूर्त, तर्कशुद्ध विचार करण्याची क्षमता अकरा-बाराव्या वर्षापासून आकार घेऊ लागते, पण बारा वर्षे पूर्ण झाली म्हणून ती आपोआप हजर होत नाही. दुसरी अशी की ती सर्व विषयांत एकदम येत नाही. पियाजेने स्वतः १९७२ च्या लेखात हे मान्य केले होते की असा विचार माणसाच्या कलानुसार आणि व्यवसायानुसार वेगवेगळ्या क्षेत्रांत प्रकट होतो. शेतीच्या हिशोबात चोख असलेला मुलगा बीजगणितात अडखळत असेल तर त्याच्या बुद्धीवर शेरा मारण्याचे कारण नाही. बीजगणित त्याच्या ओळखीच्या हिशोबापासून सुरू करता येते का, हे छात्राध्यापकाने पाठाच्या टाचणात लिहून दाखवावे.

चौथी पायरी : मित्र, प्रेक्षक आणि स्वतःची ओळख

आठवीतल्या त्या मुलाच्या नोंदीकडे इथे परत यावे. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली मांडले की कुमारवयीन मूल सतत एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर वावरत असते, सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे त्याला वाटते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या अभ्यासात ३०६ जणांना संगणकावरील गाडी चालवण्याचा खेळ एकट्याने किंवा समवयस्कांच्या उपस्थितीत खेळायला दिला गेला. मित्र पाहत असताना कुमारवयीनांनी प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला, एकटे असताना मात्र हा फरक बराच कमी होता. म्हणजे हे मूल धोका ओळखत नाही असे नव्हे, तर त्याच्या हिशोबात पाहणाऱ्यांचे वजन मोठे असते.

यातून निघणारा उपाय छात्राध्यापकांना ताबडतोब वापरता येतो : कानउघाडणी चारचौघांत करू नये. वर्गासमोर खडसावलेला मुलगा शिक्षकाला उत्तर देत नाही, तो मित्रांना उत्तर देतो. तास संपल्यावर व्हरांड्यात दोन मिनिटे बोललेले अधिक पोचते. भूमिका करून हा प्रसंग दोन्ही प्रकारे वठवून घ्यावा आणि मुलाची भूमिका करणाऱ्याला त्या वेळी काय वाटले ते विचारावे.

मेंदूबद्दल बोलताना मात्र जपून बोलावे. कपाळामागचा, नियोजन आणि संयमाशी निगडित असलेला भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो हे खरे, पण ‘मेंदूच अपुरा, मग शिकवून काय उपयोग’ असा त्याचा अर्थ छात्राध्यापक लावू शकतात. तो वेळीच खोडून काढावा, कारण जो भाग अजून घडतो आहे त्याला सरावाची संधी देणे हेच शाळेचे काम आहे.

एरिक्सनने मांडलेला स्व-ओळखीचा प्रश्न आणि जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये त्यावरून काढलेल्या चार स्थिती शिकवताना आपल्याकडची परिस्थिती समोर ठेवावी. शोध घेऊन ठरवलेली ओळख, शोध न घेता स्वीकारलेली, शोध चालू असलेली आणि शोधच सुरू न झालेली, अशा त्या चार स्थिती होत. दहावीनंतर विज्ञान शाखेत जाणाऱ्या किती मुलांनी स्वतः शोध घेतलेला असतो? आणि बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांतून आईवडिलांबरोबर ऊसतोडणीला जाणाऱ्या, दिवाळीच्या सुमारास वर्गातून नाहीशा होणाऱ्या मुलीला शोध घ्यायला कितीसा अवकाश मिळतो? त्या भागांत हंगामी वसतिगृहे आहेत, १८ वर्षांखालील मुलीचा विवाह कायद्याने बालविवाह आहे, तरीही तिच्या घरात निर्णय कसा होतो हे शिक्षकाला समजून घ्यावे लागते. सिद्धांत अमेरिकेतला म्हणून टाकून देऊ नये आणि जसाच्या तसा लादूही नये. तो आपल्या मुलांना कुठे अपुरा पडतो हे दाखवणारे उत्तर परीक्षेतल्या पाठ केलेल्या उत्तरापेक्षा मौल्यवान आहे.

पाचवी पायरी : प्रेरणा

मॅस्लोने मांडलेल्या, मूलभूत गरजांपासून आत्मविकासापर्यंत चढत जाणाऱ्या गरजांच्या पायऱ्यांवर फार तास घालवू नयेत. १९४३ च्या त्याच्या लेखात ती प्रसिद्ध त्रिकोणी आकृती नाही, आणि खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची सुरूच होत नाही असेही त्याने म्हटलेले नाही, एवढे सांगून पुढे जावे.

भर द्यावा तो एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीवर. माणसाला आपल्या वागण्यात आपली इच्छा असावी, आपल्याला हे जमते आहे असे वाटावे आणि आपण कुणाचे तरी आहोत असे वाटावे, या तीन गरजा भागल्या की आतून येणारी प्रेरणा टिकते, असे ते सांगतात. याच्या जोडीला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा बालवाडीतील अभ्यास सांगावा : चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या ज्या मुलांना बक्षिसाचे आधी आश्वासन दिले होते, ती पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांत ही घट दिसली नाही. म्हणून सर्व बक्षिसे वाईट असा निष्कर्ष काढू देऊ नये. जिथे मुळात रसच नाही तिथे काय करावे हा वेगळा प्रश्न आहे.

या घटकाचे प्रात्यक्षिक वही तपासण्यावर ठेवावे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात केवळ लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम आणि त्यातला रस सुधारला, तर नुसते गुण किंवा गुणांसह अभिप्राय मिळालेल्यांचा सुधारला नाही. प्रत्येक छात्राध्यापकाला नववीच्या गणिताची एक चुकलेली पायरी द्यावी : (अ + ब)² = अ² + ब². बहुतेकजण शेजारी लाल फुली मारून ‘सूत्र पाठ कर’ असे लिहितात. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘अ = २ आणि ब = ३ घेऊन दोन्ही बाजू काढून पाहा. डावीकडे किती आले, उजवीकडे किती? फरक कुठून आला ते चौरसाची आकृती काढून शोध.’ मुलाला २५ आणि १३ मिळतात, मधले १२ म्हणजे दोनदा अब हे त्याच्या हाताने सापडते, आणि जमण्याची भावना शिक्षकाच्या शाबासकीवर अवलंबून राहत नाही. अशा अभिप्रायांची एक वही प्रत्येकाने वर्षभर ठेवावी.

सहावी पायरी : अध्ययनाचे नियम स्वतःच्या तासांना लावणे

रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवले की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवते, पण आठवड्यानंतर तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवते. हे व्याख्यानातून सांगून सोडून दिले तर त्याला अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे वह्या मिटून मागच्या आठवड्यातले तीन मुद्दे आठवून लिहिण्यासाठी ठेवावीत. त्याला गुण देऊ नयेत. ही पद्धत स्वतःवर वर्षभर चालताना पाहिलेला छात्राध्यापक ती आठवीच्या वर्गात नेतो.

दृक्, श्राव्य आणि कृतीप्रधान अशा शिकण्याच्या शैली अनेक टिपणांत अजूनही ठाण मांडून आहेत. विद्यार्थ्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने अध्ययन सुधारते याला पुरेसा पुरावा नाही, हे हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात स्पष्ट केले. अभ्यासक्रमात हा मुद्दा असेल तर तो परीक्षेसाठी शिकवावा आणि त्याच तासात पुराव्याची स्थितीही सांगावी.

शाळेत पाठवण्यापूर्वी

आंतरवासितेत एखादी मुलगी किंवा मुलगा छात्राध्यापकाला मनातले काही सांगतो, कारण तो वयाने जवळचा वाटतो. त्यासाठी तयारी हवी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, मग शाळेतील इतरजण काहीही करत असोत. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, म्हणून ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. त्याऐवजी ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी ज्यांना सांगणे भाग आहे त्यांनाच सांगेन’ हे वाक्य तोंडी सरावाने बसवून घ्यावे. मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर असावेत. समुपदेशन हे छात्राध्यापकाचे काम नाही. त्याने शांतपणे ऐकून घ्यावे आणि मुलाला योग्य व्यक्तीपर्यंत पोचवावे.

मूल्यमापन

वर्षाअखेरीच्या व्यक्तिअभ्यासाचे चाळीस पानी बाड मागू नये, कारण ते मागच्या वर्षीच्या बाडावरून उतरवले जाते. एकाच मुलाच्या वेगवेगळ्या आठवड्यांतील चार नोंदी, प्रत्येकीची तीन स्पष्टीकरणे आणि त्यावरून बदललेल्या एका पाठाचे टाचण एवढे पुरे आहे. ते वाचताना मुलाचे नाव, आडनाव किंवा ओळख पटेल असा तपशील राहिला आहे का हे आधी तपासावे आणि मगच पुढचे पान उलटावे. तोंडी परीक्षेत व्याख्या न विचारता छात्राध्यापकाने पूर्वी न पाहिलेली एक नोंद त्याच्या हाती द्यावी, पाच मिनिटे वाचू द्यावी आणि उद्या या मुलाबाबत काय पाहशील असे विचारावे. ज्याला तिसरे स्पष्टीकरण सुचत नाही त्याचे गुण लगेच कापण्याऐवजी त्याला दुसरी नोंद देऊन आठवड्याने पुन्हा बोलवावे. अंतर्गत मूल्यमापनात एवढी सवड काढता येते, आणि त्या आठवड्यात त्याने पुन्हा एकदा शाळेत जाऊन वर्गाच्या मागच्या बाकावर बसून यावे.